रात्री अडीच वाजताचे ‘आम्ही’

मध्यरात्र उलटल्यावर वाजणारा फोन चांगली बातमी आणीत नाही, असा आमच्या घरात पक्का समज आहे. म्हणूनच २०२४ च्या मे महिन्यात एका रात्री अडीचच्या सुमारास फोन खणखणला, तेव्हा सौ. ने दिवा लावण्याआधी देवाचे नाव घेतले. मी धडधडत्या छातीने फोन उचलला. पलीकडे नुसता गोंगाट, शिट्ट्या, गाणी, आणि त्यातून वाट काढीत आलेला, नोकरीसाठी प्रागला राहणाऱ्या माझ्या पुतण्याचा आवाज, “काका, आम्ही जिंकलो!”

“आम्ही म्हणजे कोण रे?”

“चेक, काका! बर्फावरच्या हॉकीत! स्वित्झर्लंडला दोन-शून्य! जगज्जेते झालो!”

“बरं बरं, जपून घरी जा,” एवढेच मला सुचले. सौ. म्हणाली, “तिकडे जाऊन तीन वर्षं झाली नाहीत, आणि म्हणे आम्ही!” तिचा आक्षेप मला मनोमन पटला. झोप मात्र गेली ती गेलीच.

हॉकी म्हटले की आमच्या घरी ध्यानचंदांचे नाव निघते आणि १९४८ साली लंडनला इंग्रजांना त्यांच्याच मैदानावर ४-० असे हरवून आणलेले सुवर्णपदक आठवते. बर्फाशी आमचा संबंध गोळ्याच्या गाडीपुरता! पुढे दिवाळीला पुतण्या घरी आला आणि फराळाच्या ताटावरच त्याने मला हा खेळ समजावून दिला. एका बाजूला सहा गडी, पायांत पाते लावलेले बूट, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. मग मीही थोडे वाचले. वाचता वाचता हातातली चकली हातातच राहिली.

१९४७ साली प्रागच्या स्पर्धेत चेकोस्लोव्हाकिया प्रथमच जगज्जेता झाला. कॅनडा त्या वर्षी आला नव्हता. शिवाय स्वीडनकडून हार पत्करावी लागली होती. पण त्याच स्वीडनला ऑस्ट्रियाने हरवले आणि विजेतेपद प्रागला राहिले. पुढच्या वर्षी सेंट मॉरिट्झच्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाशी ०-० अशी बरोबरी झाली आणि केवळ गोलांच्या हिशेबावर सुवर्णपदक हुकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघातले सहा खेळाडू पॅरिसहून लंडनला निघाले. त्यांचे छोटे विमान इंग्लिश खाडीवर नाहीसे झाले. अशा संघाचे कंबरडेच मोडायचे. पण तीन महिन्यांनी, १९४९ च्या फेब्रुवारीत, स्टॉकहोमला याच संघाने कॅनडाला ३-२ असे हरवून पुन्हा विजेतेपद मिळविले.

अशा पोरांना कोणताही देश डोक्यावर घेईल. इथे काय झाले ऐका. १९५० च्या मार्चमध्ये संघ लंडनच्या स्पर्धेसाठी प्रागच्या विमानतळावर जमला. आपल्या पत्रकारांना इंग्लंडने परवाने दिले नाहीत, तेव्हा जायचे नाही, असे त्यांना सांगण्यात आले. चिडलेले खेळाडू दोन दिवसांनी एका पबमध्ये बसले. बीअरबरोबर सरकारला चार शिव्याही बाहेर पडल्या. तिथेच गुप्त पोलिसांनी त्यांना पकडले. आरोप होता देशद्रोहाचा. परदेशी पळून जाण्याचा बेत होता म्हणे! १९४७ आणि १९४९ चा विश्वविजेता गोलरक्षक बोहुमिल मोद्री याला पंधरा वर्षांची, तर गुस्ताव बुबनिक याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा झालेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला युरेनियमच्या खाणी आल्या. १९५५ साली ते सुटले. पण मोद्री १९६३ साली, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी गेला.

बुबनिक पुढे फिनलंडचा प्रशिक्षक झाला. १९६७ साली व्हिएन्नाला फिनलंडने चेकोस्लोव्हाकियाला ३-१ असे हरविले. त्या संध्याकाळी बुबनिकच्या मनात ‘आम्ही’ म्हणजे कोण असेल? ज्यांच्यासाठी खेळलो ते, की ज्यांनी जवळ केले ते? या प्रश्नावर मी एक अख्खी दुपार घालविली. उत्तर सापडले नाही.

पण ‘आम्ही’ हा शब्द सरकारच्या मालकीचा नसतो, एवढे मात्र १९६९ साली दिसले. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. प्रागला व्हायची ती जागतिक स्पर्धा स्टॉकहोमला हलविण्यात आली. तिथे चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला एकदा २-० आणि आठवड्याभराने ४-३ असे हरविले. काही खेळाडूंनी शर्टावरचा लाल तारा चिकटपट्टीने झाकला होता. त्या रात्री साऱ्या देशात माणसे रस्त्यावर आली. प्रागमध्ये सोव्हिएत विमान कंपनीचे कार्यालय फोडले गेले. ते निमित्त झाले आणि एप्रिलमध्ये दुबचेक यांना सत्ता सोडावी लागली. स्पर्धेत तिन्ही संघांचे गुण सारखे होऊनही गोलांच्या हिशेबाने सुवर्णपदक सोव्हिएत संघालाच मिळाले. रणगाड्यांपुढे जे चालत नाही, ते चकतीने कसे चालावे?

तरी पण विसरले कोणीच नाही. १९७२ साली प्रागमध्येच सोव्हिएत संघाची सलग नऊ विजेतेपदांची मालिका त्यांनी तोडली. १९९३ साली देशाचे दोन तुकडे झाले. १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये डॉमिनिक हाशेकने गोल अडवून धरला आणि चेक संघाने रशियाला १-० असे हरवून सुवर्णपदक घेतले. त्या संघातल्या यारोमिर यागरच्या पाठीवर आकडा होता ६८. तो कोणत्या सालाचा, हे आता मी सांगायला नको. स्लोव्हाकांनीही २००२ साली आपले विश्वविजेतेपद पटकाविले.

परत जायच्या दिवशी मी पुतण्याला हळूच विचारले, “तू ‘आम्ही’ म्हणालास, ते सहज?”

तो थोडा थांबला. “शेजारचे एक आजोबा त्या रात्री रडत होते, काका. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, आपण जिंकलो. मग मी ‘तुम्ही जिंकलात’ कसं म्हणू?”

सौ. त्याच्या पिशवीत चिवड्याचा डबा कोंबीत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, “बरोबर आहे रे तुझं. त्या आजोबांनाही थोडा दे हो यातला. आणि पुन्हा जिंकलात तर जरूर कळव. पण जरा उजाडल्यावर!”