थर्मोस्टॅट, कूलर आणि पाण्याची टाकी

थर्मोस्टॅट हा शब्द आपल्याकडे इस्त्रीत, गीझरमध्ये आणि फ्रिजच्या आत लपलेला असतो. अमेरिकेत तो दिवाणखान्याच्या भिंतीवर मानाने बसतो. न्यू जर्सीला असलेल्या माझ्या मावसभावाने घर बदलताना त्याचा जुना वायरलेस थर्मोस्टॅट मला भेट म्हणून आणून दिला. गोल, चकचकीत, फिरवला की टक् टक् करणारा. मागची प्लेट उघडली तर आत आर, डब्ल्यू, वाय, जी, सी अशी अक्षरं. म्हणजे एक वायर तळघरातल्या भट्टीला, एक एसीच्या कॉम्प्रेसरला, एक पंख्याला आणि या सगळ्यांना चोवीस व्होल्टचा वेगळा पुरवठा. जालना एमआयडीसीत, चंदनझिऱ्याच्या अलीकडे, दोन खोल्या आणि वर आरसीसीचा स्लॅब असलेल्या आमच्या घरात यातलं काहीही नाही. तळघर नाही, भट्टी नाही (भट्ट्या आहेत, पण त्या समोरच्या रस्त्यापलीकडे, लोखंड वितळवायच्या). तो थर्मोस्टॅट सध्या शोकेसमध्ये आहे, गणपतीच्या बाजूला.

पण कल्पना डोक्यात राहिली. मुळात थर्मोस्टॅट जन्मालाच आला तो एका वैतागातून. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्गात गारठा आहे की उकाडा, हे पाहायला शिपाई दर थोड्या वेळाने आत यायचा आणि मग तळघरात जाऊन झडपा कमीजास्त करायचा. शिकवण्यात व्यत्यय. जॉन्सननी वर्गातून तळघरात घंटा वाजवणारं विजेचं उपकरण केलं आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे २०११ मध्ये नेस्ट आला, तो घरातल्यांच्या सवयी शिकायचा आणि वायफायवर बोलायचा. २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरना घेतली. हे सगळं थंडीच्या देशातलं. आमच्याकडे प्रश्न उलटा आहे: एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश, आत स्लॅब तापलेला, आणि घरात एसी नाही, कूलर आहे. लोखंडी, मोठा, सत्तर लिटरच्या टाकीचा.

एसी का नाही, असं पुण्यातले मित्र विचारतात. पैशाचा प्रश्न फार नाही. बाबा नको म्हणतात. ते तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये होते. भट्टीतून बाहेर येणाऱ्या अकराशे-बाराशे अंशाच्या बिलेटसमोर आयुष्य गेलेल्या माणसाला "बाबा, खोलीत छत्तीस अंश आहे" हे सांगणं म्हणजे विनोदच. "छत्तीस?" ते म्हणतात, "आमच्याकडं छत्तीसला माणूस स्वेटर घालायचा." त्यांनी तापमान आयुष्यभर रंगावरून ओळखलं. गडद लाल म्हणजे अजून गार, पिवळा धरला म्हणजे घ्या स्टँडमध्ये. पाइरोमीटर नंतर आला, आणि तो काय म्हणतो ते बाबा आधी स्वतःच्या डोळ्यांशी ताडून बघायचे.

पण आता ते सदुसष्ट वर्षांचे आहेत आणि ब्लड प्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात. त्या गोळीत आणि उन्हाळ्यात दोस्ती नसते. शरीरातलं पाणी आधीच कमी, त्यात घाम. डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं की रात्री खोली थंड ठेवा. आणि आई नेमकी रात्री अकराला कूलर बंद करायची. विजेसाठी नाही, पाण्यासाठी. उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं की गल्लीत सण असतो. २०१२-१३ चा दुष्काळ आमच्या घराने टँकरच्या रांगेत काढलाय, आणि ज्या बाईने तो काढला तिला "पाणी काय, मी टँकर मागवतो ना ऑनलाइन" असं पुण्यातून सांगून भागत नाही.

तर मला जो थर्मोस्टॅट हवा होता त्याचं काम एवढंच नव्हतं की गरम झालं, कूलर चालू. त्याला पाणी कळायला हवं होतं.

इथे थोडं फिजिक्स, कंटाळा येत असेल तर पुढचा परिच्छेद सोडा :-)

कूलर थंडी तयार करत नाही, तो पाणी उडवतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता हवेतून निघून जाते. म्हणजे एक टनाचा एसी तासाभरात जेवढी उष्णता ओढतो, तेवढी ओढायला सव्वापाच लिटर पाणी. पण कूलरची हवा किती खाली जाऊ शकते याला एक मर्यादा आहे, तिला वेट बल्ब तापमान म्हणतात. ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात धरला तर जे दाखवेल ते. मेमधल्या दुपारी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब साधारण २२ येतो, आणि बरा कूलर त्या फरकाचा तीन चतुर्थांश भाग गाठतो, म्हणजे २७ अंशांची हवा. झकास! पण जूनच्या शेवटी ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता झाली की वेट बल्ब साडेसत्तावीसच्या आसपास. कूलर फार तर साडेतीन अंश कमी करणार आणि बदल्यात गादी, उशी, पापड सगळं दमट करणार. त्या दिवशी पंप चालवणं म्हणजे पाणी वाया घालवणं.

ही आर्द्रतेची गोष्ट मला कॉलेजात नाही, शेजारच्या काकांकडून नीट समजली. जालना म्हणजे पोलाद आणि बियाणं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली (त्यांना १९९८ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला), आणि आज गावात बियाण्यांच्या कितीतरी कंपन्या आहेत. काका त्यांतल्या एका शीतगृहात आहेत. त्यांनी एक ठोकताळा सांगितला: गोदामातलं फॅरनहाइट तापमान आणि आर्द्रतेचे टक्के यांची बेरीज शंभरच्या आत ठेवायची, बी टिकतं. हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा नियम आहे तो. "नुसतं थंड करून काय उपयोग," काका म्हणाले, "ओल मारली की बी मेलं. माणसाचं पण तसंच आहे की." दोन आकड्यांकडे एकदम बघायचं, हे मी तिथून उचललं.

आता जोडणी. ईएसपी ८२६६ नावाची वायफायची चिप २०१४ पासून बाजारात आहे आणि तिचा बोर्ड दोन-तीनशे रुपयांत मिळतो. असे दोन बोर्ड, प्रत्येकाला तापमान-आर्द्रतेचा एक सेन्सर. एक खोलीत, एक बाहेर सावलीत. खोलीतला सेन्सर पलंगाच्या उंचीवर लावला, कूलरच्या झोताच्या बाहेर. झोतात लावला तर तो बिचारा स्वतःच गारठतो आणि खोली तापलेली असताना सगळं बंद करून टाकतो. कूलरमध्ये दोन रिले: एक पंख्याला, एक पंपाला. बाजारातले तयार स्मार्ट प्लग आख्खा कूलर एकदम चालू-बंद करतात, म्हणून ते बाद. आणि टाकीत एक फ्लोट स्विच, पाणी तळाला गेलं की कळवणारा.

सगळ्यात आधी मात्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अनवाणी माणूस, या तिघांच्या बातम्या मराठवाड्यात दर उन्हाळ्यात पेपरात येतात. ज्यांना बाकीचं काही करायचं नाही त्यांनी एवढं तरी कराच.

वायफायचं रडगाणं थोडक्यात: हे बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, राउटर दोन्ही बँड एकाच नावाने दाखवत असेल तर जोडताना केस उपटायची वेळ येते, नावं वेगळी करून टाका. आणि लोखंडी पेटीच्या आत बोर्ड ठेवला तर सिग्नल मेला. तो बाहेर, प्लॅस्टिकच्या डब्यात.

सगळा हिशोब घरातच होतो, एका जुन्या रास्पबेरी पायवर. क्लाउड नाही. याचं कारण नुसता इंजिनिअरी हट्ट नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्टचा सपोर्ट थांबवला. भिंतीवर ते चालतात, पण फोनवरून हलवता येत नाहीत. आमचा कूलर बाबांच्या वडिलांच्या काळातल्या पंख्यासारखा वीसेक वर्षं चालावा अशी अपेक्षा आहे. शिवाय जालन्यात नेट जातं तेव्हा उकाडा काही जात नाही.

नियम असे ठरले. खोली ३० च्या वर गेली की कूलर चालू, २८.५ ला बंद. मधल्या दीड अंशात काही हलवायचं नाही, नाहीतर मोटर दर दोन मिनिटांनी उठाबशा काढते. बाहेरचं तापमान आणि वेट बल्ब यांत सहा अंशांपेक्षा कमी फरक असेल तर पंप बंद, नुसता पंखा. आणि टाकी रिकामी झाली तर? इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. साधा थर्मोस्टॅट म्हणेल, खोली तापली आहे, चालव पंखा. पण हवा चाळीसच्या वर असेल तर नुसता पंखा म्हातारं शरीर थंड करत नाही, तापवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही चाळीसच्या वर पंख्यावर विसंबू नका असाच आहे. आणि कूलर तर बाहेरचीच हवा आत ओढतो. म्हणून पाणी संपलं आणि बाहेर ३८ च्या वर असेल तर पंखा बंद, बझर चालू. तोही कर्कश.

पहिल्या आठवड्यात आलेखात एक विचित्र गोष्ट दिसली. दुपारी दोन ते पाच खोलीतली आर्द्रता ऐंशीच्या वर. बाहेर कोरडं ठणठणीत! आईला फोन केला.

"खिडकी बंद आहे का गं समोरची?"

"मग उघडी ठेवू का? मिलची काळी धूळ येतीय सगळी. कामून विचारायलास?"

कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर तीच ओली हवा खोलीत फिरत राहते. समोरच्या खिडकीला बारीक जाळी बसवली, चार बोटं उघडी. आर्द्रता साठवर आली. तेवढ्या खिडकीने जे केलं ते माझ्या कोडने केलं नसतं.

पण या फोननंतर बाबांनी मला उलट फोन केला. ते स्वतःहून फोन करत नाहीत.

"तुला पुण्यात बसून कळतं, आमची खिडकी बंद आहे?"

"अंदाज केला बाबा, आलेखावरून."

"आम्ही कधी झोपतो, कधी उठतो, तेही कळत असंल मग."

कळत होतं. खोलीत माणूस असला, दार उघडलं, कूलर हाताने बंद केला, सगळ्याची रेघ उमटते. ऑफिसात आम्ही याला डेटा म्हणतो आणि डॅशबोर्ड करतो. बाबा मिलमध्ये असताना शिफ्टच्या दारावर पंचिंग मशीन आलं तेव्हा त्यांना जे वाटलं असेल, तेच आता घरात वाटत असणार. मी म्हणालो, तुमची काळजी वाटते. ते म्हणाले, "काळजी कर, पाळत ठेवू नको."

मग तासभर वाटाघाटी झाल्या. भिंतीवर एक साधा तीन बाजूंचा स्विच बसवला: आपोआप, चालू, बंद. तो सगळ्यांच्या वर; पाय बंद पडो, वायफाय जावो, माझा कोड काहीही म्हणो, बाबांनी फिरवला की फिरवला. माझ्या फोनवरून कूलर चालू-बंद करायची सोय काढून टाकली. आलेख घरातच, त्यांच्या टॅबवर. माझ्याकडे फक्त दोन निरोप येतात: रात्री खोली सलग तासभर ३४ च्या वर राहिली, किंवा टाकी रिकामी झाल्यावर अर्ध्या तासात कोणी भरली नाही. गेल्या मेमध्ये पहिला निरोप एकदाच आला, रात्री सव्वादोनला. फोन केला तर वीज गेलेली, आणि दोघंही गच्चीवर ओल्या चादरी अंगावर घेऊन गप्पा मारत बसलेले. "झोप की तू," आई म्हणाली.

पाण्याचं म्हणाल तर पूर्वी एका रात्रीत संपणारी टाकी आता दीड रात्र पुरते, कारण पहाटे तीननंतर पंप बहुतेक बंदच असतो. आईने अकराला कूलर बंद करणं सोडलंय. तिला आलेखाशी देणंघेणं नाही. ती सकाळी टाकीत काठी घालून बघते, किती उरलं.

सध्या भांडण वेगळंच आहे. बाबांनी भिंतीवर पाऱ्याचा जुना थर्मामीटर टांगलाय आणि कालनिर्णयवर रोज पेन्सिलने दोन आकडे लिहितात, त्यांचा आणि माझा. माझा सेन्सर रोज अर्धा अंश जास्त दाखवतो. त्याच्या माहितीपत्रकात अधिक-उणे अर्धा अंश लिहिलेलंच आहे हे मी सांगून पाहिलं, पण "मग महाग आण" असं उत्तर आलं. आर्द्रतेची परीक्षा आईच्या डब्यात घेतली: झाकणाच्या डब्यात ओलसर मीठ आणि सेन्सर रात्रभर ठेवला की आत ७५ टक्के आर्द्रता होते, आमचा ७७ सांगत होता. तापमानाचा निकाल लावायला पुढच्या शनिवारी बाबांच्या मिलमधले एक जुने मित्र त्यांचा मीटर घेऊन येणार आहेत. मलाही बोलावलंय, चहाला.