गहाण पडलेले मैल

ज्या घरातला दागिना एकदा तरी गहाण पडला आहे, त्या घराला 'सोडवणे' या क्रियापदाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. माझा व्यवसाय भाषांतराचा आणि संपादनाचा. त्यामुळे एखादा परका शब्द समोर आला की त्याला मराठी घरातील कोणता शब्द लागू पडेल, याचा शोध मनात आपोआप सुरू होतो. विमान कंपन्या आणि बँका आपल्याला वारंवार कळवीत असतात की, 'आपले मैल रिडीम करा, आपले पॉइंट रिडीम करा.' या 'रिडीम'चा मूळ अर्थ मोल देऊन सोडवून आणणे असाच आहे. 'वापरणे' किंवा 'वटवणे' असे प्रतिशब्द सुचतात खरे. परंतु मला 'सोडवणे' हाच अधिक प्रामाणिक वाटतो. कारण हे पॉइंट म्हणजे कोणी दिलेली भेट नव्हे. तो आपलाच पैसा आहे आणि तो दुसऱ्याच्या तिजोरीत गहाण पडलेला आहे.

हा पैसा तेथे पोहोचतो कसा, ते पाहू. अमेरिकेत १८९६ सालापासून दुकानांतून गिऱ्हाइकांना हिरवी तिकिटे मिळू लागली. ती वहीत चिकटवून वही भरली की तिच्या बदल्यात घरोपयोगी वस्तू मिळे. हीच युक्ती १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने विमानप्रवासाला लावली आणि प्रवाशाच्या खात्यावर उडालेले मैल जमा होऊ लागले. १९८७ मध्ये सिटीबँकेच्या क्रेडिट कार्डाशी या मैलांची सांगड घातली गेली. तेव्हापासून विमानात पाऊल न ठेवताही, केवळ साबण-तांदूळ विकत घेऊन मैल साठवता येऊ लागले. आपण कार्डाने बिल चुकते करतो, तेव्हा दुकानदाराच्या रकमेतून बँकांचा हिस्सा कापला जातो. त्याच हिश्श्यातला लहानसा तुकडा पॉइंट होऊन आपल्याकडे परत येतो. दुकानदार तो खर्च मालाच्या किमतीत धरतो, हे सांगायला नकोच. विमान कंपन्यांच्या जमाखर्चातदेखील न सोडवलेले मैल 'देणे' या सदराखाली लिहिले जातात. ज्याला देणेकरी स्वतःच देणे म्हणतो, त्याला आपण बक्षीस का म्हणावे?

मात्र सराफाकडील गहाणात आणि या गहाणात एक मोठा भेद आहे. सराफाकडे ठेवलेली दोन तोळ्यांची पाटली दोन तोळ्यांचीच राहते. येथे वजनाचे माप कंपनीच्या हाती असते. २०१५ साली डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकन कंपन्यांनी, अंतर किती कापले याऐवजी तिकिटाला पैसे किती मोजले, यावर मैल देण्यास प्रारंभ केला. जे तिकीट काल दहा हजार पॉइंटांत मिळत होते, त्याला उद्या पंधरा हजार मागितले तरी दाद मागण्याची सोय बहुधा नसते. नियमांत बदल करण्याचा अधिकार कंपनीने आधीच राखून ठेवलेला असतो.

आपल्या देशाचा अनुभवही बोलका आहे. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली आणि तिच्या सभासदांच्या मैलांना उडायला विमानच उरले नाही. जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले. तिची मैलांची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे ती नाव बदलून टिकली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी मैल जमवले होते ती विमाने मात्र गेली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सभासदांचे पॉइंट नव्या योजनेत वर्ग झाले. तीन कंपन्या आणि तीन निरनिराळे शेवट! त्यांतला कोणता आपल्या वाट्याला येईल, हे पॉइंट जमवताना कोणालाही ठाऊक नव्हते.

मी हे अड्यारहून लिहिते आहे, यालाही कारण आहे. येथे १९४८ साली चर्मसंशोधन संस्था निघाली, १९५९ साली शेजारीच आय. आय. टी. उभी राहिली आणि पुढे दक्षिणेकडच्या रस्त्यावर संगणकाची कचेरी पुढे कचेरी अशी रांग लागली. या साऱ्यांच्या निमित्ताने मराठी माणसे येथे येऊन राहिली. त्यांचे आईवडील मात्र सातारा, सांगली, सोलापूर येथेच राहिले. मुंबई ते चेन्नई हा लोहमार्ग सुमारे १,२८० किलोमीटरांचा. प्रवासात जवळजवळ एक अहोरात्र जाते. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेभाड्यात मिळणारी सवलतही मार्च २०२० मध्ये थांबली. गुडघे धरलेल्या माणसाला हा प्रवास किती जड जातो, हे ज्यांच्या घरी वृद्ध आहेत त्यांना सांगावयास नको.

आमची आई साताऱ्यास असते. वय वर्षे चौऱ्याहत्तर. आगगाडीने येणे तिला झेपत नाही, आणि मुलीने विमानाचा खर्च केलेला तिच्या मनाला मानवत नाही. तेव्हा वाणसामान, विजेचे बिल आणि औषधे यांवर जमणारे पॉइंट आईच्या प्रवासाखेरीज दुसऱ्या कशालाही लावायचे नाहीत, असे आम्ही घरात ठरवून टाकले. दोन वर्षांत पुणे-चेन्नई जाण्यायेण्यापुरती शिल्लक झाली. जानेवारीत येथला पाऊस सरलेला असतो आणि उकाडाही नसतो, म्हणून तोच महिना धरला. सुमारे पावणेदोन तासांत ती मीनंबाक्कमला उतरली; तिच्यासाठी चाकांची खुर्ची आधीच सांगून ठेवली होती. थिऑसॉफिकल सोसायटीच्या बागेतला प्रसिद्ध वटवृक्ष आम्ही तिला दाखवला. त्याचे मूळ खोड १९८९ च्या वादळात कोसळले, तरी पारंब्यांवर तो उभा आहे. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्हां पोरांचा भार हिला झाला असेल, म्हणून पडली बिचारी." मग हसली. फुकटच्या तिकिटावर आपण आलो, याचेही तिला समाधान होते. ते तिकीट फुकट नव्हते, हे मी तिला सांगितले नाही.

आमच्याच इमारतीत एक वृद्ध गृहस्थ राहत असत. परदेशातील मुलाकडे पत्नीसह वरच्या वर्गाने जायचे, असा त्यांचा संकल्प होता. लाखभर मैल झाले. तरी 'आणखी थोडे होऊ द्यावेत' असे म्हणत ते थांबले. गेल्या वर्षी ते निवर्तले. खाते एकट्या त्यांच्याच नावावर होते आणि योजनेच्या नियमांत वारसाची तरतूद नव्हती. सोने वारसाकडे येते. मैल येतीलच असे नाही.

यासाठी व्यवहाराची काही पथ्ये सांगते. पहिले पथ्य हिशेबाचे. समजा, तिकिटाचा रोख दर ६,००० रुपये आहे. पॉइंटांनी घेतल्यास ८,००० पॉइंट आणि कर-आकारापोटी १,२०० रुपये रोख द्यावे लागतात. म्हणजे ८,००० पॉइंटांनी आपले ४,८०० रुपये वाचवले. एका पॉइंटाचे मोल ६० पैसे झाले. असा भागाकार दर वेळी करावा. मोल फारच कमी येत असेल तर रोखीने तिकीट घ्यावे आणि पॉइंट दुसऱ्या प्रवासाला राखावेत.

दुसरे पथ्य अधिक कडक आहे. ४०,००० रुपयांच्या खरेदीवर शेकडा दोन याप्रमाणे ८०० पॉइंट मिळाले, तर वरच्या दराने ते ४८० रुपये होतात. पण तेच बिल मुदतीत न भरता महिनाभर थकवले, तर दरमहा साडेतीन टक्क्यांनी १,४०० रुपये व्याज आणि त्यावर २५२ रुपये कर द्यावा लागेल. ज्याला दरमहा संपूर्ण बिल भरणे शक्य नाही, त्याने पॉइंटांच्या वाटेस जाऊच नये. तसेच केवळ पॉइंटांसाठी नको असलेली वस्तू घेणे, म्हणजे पाटली सोडवण्यासाठी बांगडी गहाण टाकणे होय.

तिसरे पथ्य आपल्या भिशीकडून शिकावे. येथील तमिळ घरांतून दिवाळीसाठी दरमहा चिट्टीत पैसे टाकतात. पैसा कोणत्या सणासाठी, हे पहिल्या हप्त्यालाच ठरलेले असते. पॉइंटांचाही प्रवास, प्रवासी आणि महिना आधी ठरवावा. पॉइंटांवर मिळणाऱ्या जागा मोजक्याच असतात. दिवाळीत आणि मे महिन्यात त्या दुर्मिळ होतात. अनेक कंपन्या सुमारे अकरा महिने आधी आरक्षण खुले करतात, तेव्हाच पाहावे. काही योजनांत कुटुंबाचे पॉइंट एकत्र करता येतात. ती सोय असल्यास जरूर घ्यावी. पॉइंटांची मुदत केव्हा संपते, ती तारीख देवघराजवळच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, म्हणजे रोज नजरेखाली राहील.

आणि शेवटी, साठा मोठा झाला म्हणून आनंद मानू नये. साठवलेल्या मैलांवर व्याज मिळत नाही. आईवडिलांचे वय मात्र दर वर्षी वाढत जाते. आज आपण जमाखर्च पाहणार असाल, तर पॉइंट किती आहेत हे पाहण्याआधी कोणाला भेटायचे राहिले आहे, ते पाहावे. तिकीट त्या नावाने काढावे.