नावाला पर्याय नसतो
मराठीत घाबरलेल्या माणसाची 'ततपप' होते. त्यामुळे अडखळत बोलणारा पोरगा घाबरट, हे वर्गात आधीच ठरलेलं.

माझं नाव 'प'वरून. अडणारे शब्द टाळायला मी लवकर शिकलो. 'पाणी' अडलं की 'तहान लागलीय' म्हणायचं. पण स्वतःच्या नावाऐवजी काय म्हणणार? नवीन सर आले की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, 'सर, याला नाव विचारा ना!' मग सगळा वर्ग प-प-प करायचा. कधी सरही हसायचे. ते जास्त लागायचं.

प्रतिज्ञा म्हणताना मात्र मी कधीच अडखळलो नाही. सगळ्यांबरोबर एका सुरात बोलताना बहुतेकांचं अडखळणं थांबतं, हे वाचाउपचार करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. वर्गाला तो पुरावाच मिळाला: 'नाटकं करतो साला.'

शंभरात साधारण एक जण असा बोलतो. आमच्या हजार मुलांच्या शाळेत मला एकच सापडला, सातवीतला. मधल्या सुट्टीत आम्ही टाकीमागे गुपचूप डबा खायचो. एकदा तो स्वतःचं नाव सांगू लागला. घंटा झाली, तरी मी उठलो नाही.