पुढचं पुस्तक कोणतं?

एखादं पुस्तक संपत आलं की आमच्या बुधवारच्या घरसभेत निवडणुकीचं वारं वाहू लागतं. तरुणांना प्रकटीकरण हवं असतं. मोबाइलवर शेवटच्या काळाचे व्हिडिओ बघून बघून त्यांच्याकडे प्रश्नांपेक्षा उत्तरंच जास्त साठलेली असतात. पाळकसाहेबांचं मत कायम रोमकरांस पत्राला. सोळा अध्याय, एकेका वाक्याला एक बुधवार, म्हणजे त्यांची बदली होईपर्यंतची सोय. बायका रूथ सुचवतात. चारच अध्याय, शेतातली कापणी, सासू-सुनेचं गूळपीठ आणि शेवटी नातू मांडीवर. आणि दर खेपेला कुणीतरी म्हणतंच, ‘‘पुस्तक कशाला? एखादा विषय घेऊ या. क्षमा, संसार, मुलांचं वळण.’’

या शेवटच्या सूचनेला माझा विरोध असतो. विषय ठरला की वचनं आपणच वेचायची, आणि वेचताना हात आपसूक पटणाऱ्या वचनांकडेच जातो. क्षमेबद्दल आपलं जे मत सुरुवातीला असतं, तेच महिन्याभरानं संदर्भांसकट परत मिळतं. पुस्तक घेतलं तर पुढचं पान आपल्या मर्जीनं येत नाही.

भिंतीवरच्या वचनांच्या कॅलेंडरात हमखास सापडणारं यिर्मया २९:११ घ्या. देवाच्या मनात तुमच्या भल्याचेच बेत आहेत, अशा अर्थाचं. दहावीच्या मुलांना आपण ते शुभेच्छापत्रावर लिहून देतो. पण ते बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे, आणि आदल्याच वचनात मुदत दिली आहे : सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक जाणत्या माणसांची हाडं बाबेलातच पडणार होती. त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं लावा आणि ज्या शहरानं तुम्हाला कैद केलं त्याच्याच भल्यासाठी प्रार्थना करा. हे वाचल्यावर अकरावं वचन खोटं ठरत नाही, पण दहावीच्या निकालापुरतंही उरत नाही. नातवाच्या हयातीत फळणारी आशा कशी धरायची, हा खरा अभ्यास. तो दहाव्या वचनात आहे, आणि ते कॅलेंडरवर कुणी छापत नाही.

केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हे काम त्यांनी तडीस नेलं होतं. लेवीयातले डागांचे आणि चट्ट्यांचे नियम, गणनेतली शिरगणती, इतिहासातली नावांची पानंच्या पानं, सगळं. अनुवाद करणाऱ्याला कंटाळवाणं म्हणून गाळायची मुभा नसते. ती आम्ही घेतो, आणि वर्षानुवर्षं घेत आलो आहोत. म्हणून पुढचं पुस्तक निवडताना मी अलीकडे एकच बघतो : मंडळी कशाच्या वाटेला जात नाहीत?

या वेळी मी आमोस सुचवलं. खोलीत क्षणभर शांतता. मग एकजण म्हणाले, ‘‘फार रागीट आहे हो ते.’’ आहेच. तकोवाचा हा मेंढपाळ, उंबराची झाडं राखणारा. त्याला राजधानीची भीडभाड नाही. माप लहान, वजन जड आणि तराजू खोटा ठेवून गरिबाला जोड्याच्या किमतीत विकत घेणाऱ्यांवर तो तुटून पडतो. आमच्यात दोघांची दुकानं आहेत, एक पतपेढीत आहे, आणि घरी मोलकरीण ठेवणारे तर बरेच. पाचव्या अध्यायात तर देवच म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट पुरे करा. हे वाचायचं कधी? ‘उपासना संगीत’ उघडून, पेटीवर रेव्हरंड टिळकांची दोन भजनं म्हणून झाल्यावर. मला तर त्या क्रमाचीच ओढ आहे.

एक हरकत मात्र मला डावलता आली नाही. आमच्यातल्या एका ताईंचे यजमान गेल्याला फार दिवस झालेले नाहीत. कुणीतरी हळूच म्हणालं, त्यांच्यासाठी काही दिलाशाचं घ्यावं, तेविसावं स्तोत्र वगैरे. ताईंनीच मान हलवली. ‘‘तेविसावं पुष्कळ जणांनी वाचून दाखवलं. मला ईयोब हवंय. पहिले तीनच अध्याय. त्याचे मित्र बोलायला लागतात तिथं थांबू.’’ ते मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसून राहतात. चौथ्या अध्यायात तोंड उघडतात आणि केलेलं सगळं घालवतात. भेटायला येणाऱ्यांबद्दल याहून नेमकं कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही, आणि बैठकीतल्या बऱ्याच नजरा सतरंजीकडे वळल्या. सबंध पुस्तकाचा माझा हट्ट त्या दिवशी मी गुंडाळून ठेवला. बेचाळीस अध्यायांतले तीन, तेही तिच्या मर्जीचे. तिचं अडलंय, तिनं निवडावं.

तेव्हा आधी ईयोब, मग आमोस, असं ठरलं. प्रकटीकरणवाल्यांना पुढच्या खेपेचं आश्वासन दिलं आहे. पाळकसाहेब आमोसला लगेच तयार झाले, पण म्हणाले, नऊ अध्याय, नऊ बुधवार. इथं मी अडून बसलो. पहिले दोन अध्याय एकाच बुधवारी झाले पाहिजेत. आमोस सुरुवात शेजाऱ्यांपासून करतो : दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन. एकेकाचा गुन्हा आणि त्याची शिक्षा. ऐकणारे माना डोलावत असणार. पहिला अध्याय तिथंच संपतो. दुसऱ्यात मवाब, मग यहूदा, आणि सहाव्या वचनाला तो समोर बसलेल्या इस्राएलकडे वळतो. पहिल्या अध्यायावर चहा मागवला, तर सगळे शेजाऱ्यांचं वाटोळं ऐकून खुशीत घरी जातील. साडेसातला सुरू करून साडेनऊपर्यंत बसू, चहा शेवटी, असं मी म्हटलं. दुकानवाल्यांपैकी एकानं घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘चालेल, मी त्या दिवशी शटर लवकर ओढतो.’’