भुशाचा हिशेब

आमच्या आजोळी भुसा फुकट जात नसे. कऱ्हाडला मामांची लाकडाची वखार होती. संध्याकाळी करवत थांबली की माणसं पोती घेऊन यायची. कुणाला कोंबड्यांखाली अंथरायला भुसा हवा असे, कुणाला बर्फाच्या लाद्या झाकायला, आणि बहुतेकांना शेगडीसाठी. भुशाची शेगडी भरणं हे आम्हा पोरांचं काम. पत्र्याच्या डब्यात मधोमध एक दांडकं उभं धरायचं, बुडाच्या भोकातून दुसरं आडवं सारायचं आणि भोवती भुसा ठासायचा. मग दोन्ही दांडकी अलगद फिरवत काढायची. उरलेल्या पोकळीत काडी लावली की अख्ख्या घराच्या आंघोळी उरकेपर्यंत शेगडी धगधगत राही.

वखारीतले दाजी मिस्त्री मात्र बारमाही खोकायचे. नाक कायम चोंदलेलं. घरचे विडीला बोल लावत. सागाच्या धुळीनं त्यांच्या हातांना खाज सुटे, डोळे चुरचुरत. खोबरेल चोळून ते पुन्हा रंध्याला उभे राहत. तो खोकला भुशाचाही असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही. भुसा तर घरातलाच.

पुढे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल खात्यात नोकरी लागली आणि धूळ गिळणाऱ्या यंत्राशी ओळख झाली. शॉट ब्लास्टिंगच्या शेडमागे ते उभं असे. आधी उलट्या शंकूसारखा सायक्लोन, त्यात हवा गरगर फिरून जड कण खाली पडत. मग पुरुषभर उंचीच्या कापडी पिशव्या, बारीक धूळ अडवायला. आणि शेवटी ब्लोअर, हे सगळं ओढून घेणारा. पाळी संपली की दांडा हलवून पिशव्या झटकायच्या. पिशवी फाटली की सुपरवायझरच्या आधी आमच्या शर्टांना कळायचं.

निवृत्तीनंतर घरामागच्या खोलीत सुतारकाम मांडलं. टेबल सॉ आला, थिकनेसर आला आणि खोलीभर धुळीचा थर बसू लागला. तेव्हा वाचायला घेतलं. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्यांचं गाव. तिथल्या कान-नाक-घशाच्या सर्जन एस्मे हॅडफिल्ड यांना नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण फर्निचरच्या कारागिरांतच वारंवार दिसू लागले. 1968 साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 1995 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. झाडून भरता येतो त्या भुशाची फारशी भीती नाही. दहा मायक्रॉनहून बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, तासन् तास हवेत तरंगतात आणि थेट छातीत उतरतात. दाजी मिस्त्री तेव्हा हयात नव्हते.

हौशी कामासाठी मिळणारी छोटी यंत्रं पाहिली. बऱ्याचशांच्या पिशव्या अशा विरळ, की भुसा आत राहतो आणि नेमकी बारीक धूळ गाळून खोलीत परत येते. म्हणून जुनं, कारखान्यातलं यंत्र शोधायला चिखलीजवळच्या कुदळवाडीत गेलो. 2025 मध्ये महापालिकेनं तिथली भंगाराची गोदामं पाडली. मी त्याआधी गेलो होतो; तेव्हा बंद पडलेल्या कारखान्यांची अख्खी पोटं तिथं उघड्यावर पडलेली असत. मला हवं तसं एक युनिट एका कोपऱ्यात सापडलं. मी त्याच्याकडे यंत्र म्हणून पाहत होतो, दुकानदार वजन म्हणून. पत्र्याचा भाव वेगळा, मोटरचा वेगळा, कारण तिच्यात तांबं.

मी पहिला प्रश्न विचारला, हे आधी काय ओढत होतं? औषधाची भुकटी, शिशाचा रंग, ॲस्बेस्टॉस, यातलं काही असतं तर फुकटातही नेलं नसतं. प्लायवूडच्या कारखान्यातलं निघालं. ब्लोअरचा पंखा हातानं फिरवला; कुठे घासत नव्हता, बेअरिंग कुरकुरत नव्हतं. पात्यांची टोकं झिजलेली नव्हती. मोटरची पाटी पुसून वाचली: तीन एचपी, थ्री फेज. घरी सिंगल फेज. पण टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर काढलेली दिसली आणि सौदा पक्का केला. स्टार जोडणीची डेल्टा केली, सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणारा व्हीएफडी बसवला आणि मोटर गुमान फिरू लागली. जुन्या पिशव्या टाकून नीडल फेल्टच्या नव्या शिवून घेतल्या. चारऐवजी सहा इंची पत्र्याचा पाइप घातला. दोनच इंच वाढले, पण हवेची वाट सव्वादोन पट रुंद झाली. सगळ्याला अर्थिंग केलं, कारण हवेत उडालेला बारीक भुसा ठिणगीनं भडकतो.

आता यंत्राखालचं भुशाचं पिंप भरतं, पण पोतं घेऊन कुणी येत नाही. येऊनही उपयोग नाही. एमडीएफ आणि प्लायवूडच्या भुशात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. तो चुलीत घालू नये, कोंबड्यांखालीही नको. निखळ लाकडाचा भुसा मी वेगळा साठवतो आणि ओळखीच्या एका बागेत देतो. मामांच्या हिशेबात भुशाला गिऱ्हाईक होतं, माणसाच्या छातीचा रकाना नव्हता. आज रकाना आहे, गिऱ्हाईक गेलं.

घरी लाकूडकाम करणाऱ्यांना एवढंच सांगणं: दुसरी करवत घेण्याआधी धूळ ओढणारं यंत्र घ्या. जुनं चालेल, पण त्याचा पूर्वेतिहास विचारा आणि पिशव्या नव्या घाला. थ्री फेजच्या तारांना स्वतः हात न लावता जाणकार वायरमन बोलवा. आणि यंत्र कितीही चांगलं असलं तरी पिंप रिकामं करताना तोंडावर मास्क लावा.