‘बाबा चालायला लागले की बघू’

चि. सोनू,


भाऊजींना रात्री नाचणीची भाकरी चालेल का, एवढंच तू विचारलंस. साखर नाचणीनेही वाढते, तेव्हा किती द्यायची ते आहारतज्ज्ञांना विचार. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, “माझं काय गं, बाबा चालायला लागले की बघू.” तेव्हापासून जिवाला चैन नाही. ताईसुद्धा अगदी असंच म्हणायची. पुढचं तुला माहीत आहे.

अगं, अर्धांगवायूतून सावरायला महिने लागतात, कधी वर्षंही. तोवर ओट्यापाशी उभ्यानेच चहा-बिस्किटं खाणार?

नेल्सन मंडेलांचंच बघ. त्यांना 1964मध्ये जन्मठेप झाली आणि पुढची 18 वर्षं रॉबेन बेटावर गेली. सुटकेची तारीख नाही. कोठडी एवढीशी की तीन पावलांत भिंत. दिवसा चुनखडीच्या खाणीत कष्ट. तरीही सोमवार ते गुरुवार सकाळी हा माणूस जागच्या जागी पाऊण तास धावायचा, मग बोटांच्या टोकांवर 100 जोर, पाठीवर पडून 200 वेळा उठून बसणं, वर 50 बैठका. ही सवय जुनी, मुष्टियुद्धाच्या तालमीतली. 1982मध्ये पोल्समूरच्या तुरुंगात हलवल्यावर त्यांनी अर्धी कापलेली तेलाची पिंपं मागवून घेतली आणि गच्चीवर कांदे, वांगी, टोमॅटो पिकवले. सुटल्यावर बघू, असं ते म्हणाले नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर टिळक. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून तालमीत घालवलं. मंडालेच्या तुरुंगात मधुमेह सोबत होता, 1912मध्ये पत्नी गेल्याचं तिथेच कळलं. त्याच तुरुंगात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढलं, पाली, जर्मन, फ्रेंचचा अभ्यास केला. ज्याचं शरीर आणि दिनक्रम जागेवर, तोच लांबचं दुखणं निभावतो, हे कितीदा सांगितलं तुला! वाईला असताना पहाटे उठून घाटावर जायचीस, तेव्हा कुणी सांगावं लागत नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते. म्हणजे दिवसाला जेमतेम बावीस मिनिटं; फिजिओथेरपिस्ट घरी असतो तेवढ्यात होतील. झोप सात तासांची हवी. रात्री दहाचा चहा आधी बंद कर. त्यातलं जवळजवळ निम्मं कॅफिन पहाटे तीनलाही अंगात असतं.

खरी काळजी वेगळीच आहे. परवा बोलता बोलता तू गॅस बंद आहे का ते बघून आलीस, आणि लगेच पुन्हा तेच बघायला गेलीस. अशा जागरणात उद्या भाऊजींच्या इन्सुलिनचे युनिट मोजताना चूक झाली तर? त्यांना सांभाळायला दुसरं कोण आहे त्या घरात?

रात्रीसाठी आया ठेवायचीच. पैशांचं आपण बघून घेऊ, भाऊजींना बोलू नकोस. आणि रात्री फारच घुसमटलं तर मला उठव. मला सांगवत नसेल तर 14416 लाव. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलतात. त्यात कमीपणा काही नाही.

आयाला आजच निरोप धाड, आणि धाडलास की मला कळव.

तुझी,
मावशी