मुठीतला पाषाण

वसईच्या मुलखात पाषाणाला तोटा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाने दख्खनचा पाया घातला, त्याचाच काळवत्री दगड येथे विहीर खणताना निघतो, घराचा पाया खोदताना निघतो. आणि अशा एखाद्या राशीतून मुठीत मावेल असा तुकडा निवडावा, पडवीत पाण्याच्या घमेल्याशेजारी बैठक मारावी आणि दिवेलागणीपर्यंत त्यातून कधी दिवली, कधी कासव, तर कधी नुसताच वाटोळा आकार साकारीत राहावे, या उद्योगाइतका चित्ताला स्थैर्य देणारा दुसरा उद्योग मला ठाऊक नाही.

नवशिक्याने आरंभ संगजिऱ्यापासून करावा. त्यावर नखाचाही ओरखडा उठतो आणि साध्या कानशीने तासाभरात आकार दिसू लागतो. काळवत्री दगडाचा स्वभाव निराळा. त्याच्यावर कानस घासली तर बहुधा कानसच बोथट होते. नको असलेला भाग टाकीने टवके काढीत उडवायचा आणि मग उरलेला दगड वाळू व पाणी घालून दुसऱ्या दगडावर अहोरात्र म्हणावे इतक्या चिकाटीने घासायचा, एवढाच मार्ग उरतो. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण मोठ्या शिळेविषयी खरी असेल. हातातल्या लहान दगडाला मात्र रूप येते ते घावांनी थोडे आणि घर्षणाने फार. हे सारे काम ओल्यानेच करावे, हे येथे बजावून सांगितले पाहिजे, कारण दगडाची कोरडी भुकटी श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसली म्हणजे ती पुन्हा निघत नाही.

घासता घासता दगडाचे अंतरंग उघडे पडू लागते. लाव्हा थंड होताना वायूचे जे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्यांत कालांतराने खनिजद्रव्ये साठली. म्हणून काळ्याभोर पृष्ठावर मध्येच गारगोटीचा शुभ्र डोळा उमलतो. दगड झिजतो पण ती गारगोटी झिजत नाही, सभोवती खळगा पडून ती उंचवट्यासारखी वर राहते, आणि मनात योजलेले कासव सोडून त्या डोळ्याच्या कलाने आकार बदलावा लागतो. मला ही दगडाची अडवणूक वाटत नाही; त्याने दिलेली ती उत्तम तजवीज असते.

या पाषाणाची कीर्ती दूरवर गेली होती. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या अंमलाखाली गेली ती १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकून घेईपर्यंत, आणि त्या कारकिर्दीत येथला दगड जहाजांतून थेट गोव्यास जात असे. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस चर्चच्या तांबड्या जांभ्यावर जे काळे, रेखीव नक्षीकाम दिसते, ते वसईच्या दगडातले.

परंतु मुठीत टाकी धरून बसणाऱ्याचे मन वसईच्या किल्ल्यापेक्षा शेजारच्या सोपाऱ्याकडे अधिक ओढ घेते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा गवसला, आणि पुढे १९५६ मध्ये भुईगावास नवव्या लेखाचा तुकडा सापडला. ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे दोन रेषांची फुली. तो कठीण दगडावरही बिनधोक उतरतो. ‘ठ’ मात्र पूर्ण वर्तुळ, आणि वर्तुळ कोरायचे तर प्रत्येक ठोक्यागणिक टाकीचे तोंड रेसभर वळवावे लागते. जरा घाई झाली की काठाचा टवका उडून अक्षराला कोन फुटतो. राजाज्ञेच्या मजकुराइतकेच त्या कोरक्याच्या मनगटाकडे माझे लक्ष जाते ते यामुळे.

१८८२ मध्येच भगवानलालांनी सोपाऱ्यास बुरुडराजाचा कोट म्हणून ओळखले जाणारे टेकाड उकरले तेव्हा स्तूपाच्या गाभ्यात दगडी पेटी निघाली, आणि तिच्यात एकात एक बसवलेले करंडे: तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. हा ठेवा पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. लोक सोन्याची वाखाणणी करतात. मला त्याला पोटात घेणारा स्फटिकाचा करंडा श्रेष्ठ वाटतो. स्फटिक पोलादालाही दाद देत नाही. तो पोखरायचा म्हणजे त्याहून कठीण अशा कुरुंदासारख्या दगडाची पूड पाण्यात कालवून, भिंतीची जाडी सर्वत्र सारखी राखीत, तसूतसूने आतून झिजवीत जायचे. काळवत्री दगडाच्या पोटात एखादा ओरखडा राहून गेला तर तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. स्फटिकाच्या आरपार मात्र तो उजेडात येतो, आणि म्हणून त्या कारागिराला आतली, कोणी हात घालून चाचपणार नाही अशी बाजूदेखील बाहेरच्याइतकीच घोटून काढावी लागली.